गेटवर बंदूक कोणाची? लिबियाला कामाला निघालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

लिबियाची ऑफर हातात आली की पगाराचा आकडा नंतर बघा. एजंटला आधी विचारा, साइटच्या गेटवर बंदूक घेऊन कोण उभा असतो आणि त्याला पगार कोण देतो? ‘पोलीस असतात’ एवढंच उत्तर आलं तर खुर्ची सोडू नका. कोणत्या गावचे, कोणाच्या हाताखालचे, कंपनीने त्यांना स्वतः नेमलंय की ते आपणहून येऊन बसलेत, हे विचारा. एजंटला माहीत नसेल तर त्याच साइटवर काम करून आलेल्या माणसाचा नंबर मागा. तोही मिळत नसेल तर पासपोर्ट त्याच्या टेबलावरून उचला आणि घरी या.

मी पाइपिंग फोरमन होतो. २०११ च्या फेब्रुवारीत बेनगाझीत बंड उसळलं तेव्हा आमचा कॅम्प शहराबाहेर होता. भारत सरकारने बोटी आणि विमानं पाठवून पंधरा हजारांहून जास्त माणसं लिबियातून बाहेर काढली, त्यांतला मी एक. आता भांडुपला असतो. रविवारी सकाळी फिटर, वेल्डर, रिगर पोरं ऑफर लेटर घेऊन येतात. कधी पोराची आई येते, कधी बायको. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक लिबियातली आहेत, पण इराक, येमेन किंवा सुदानकडे निघालेल्यानेही हेच प्रश्न विचारायचे.

तिथे कोण कोणाला उचलतं

हे नीट समजलं तरच पुढच्या सूचना पाळाव्याशा वाटतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गद्दाफी ऑक्टोबर २०११ मध्ये मारला गेला. त्याच्याविरुद्ध लढलेल्या पोरांच्या हातात बंदुका राहिल्या. नव्या सरकारकडे ना धड सैन्य होतं ना पोलीस, म्हणून त्याने या टोळ्या मोडण्याऐवजी पगारावर घेतल्या. पगार सरकारी तिजोरीतून आणि हुकूम मात्र आपल्या गावच्या किंवा मोहल्ल्याच्या कमांडरचा, अशी रीत पडली. मिस्राताचे वेगळे, झिंतानचे वेगळे, झावियाचे वेगळे, त्रिपोलीत तर भागाभागाचे वेगळे. पूर्वेकडे खलिफा हफ्तार या सेनानीची फौज. पोलीस ठाणी आहेत, गणवेशातली माणसंही आहेत, पण माणूस धरायची आणि सोडायची खरी ताकद या गटांकडे.

१० ऑक्टोबर २०१३ ला पहाटे त्रिपोलीतल्या कोरिंथिया हॉटेलातून खुद्द पंतप्रधान अली झैदान यांना उचललं. उचलणारे होते सरकारच्याच पगारावरचे बंदूकधारी. काही तासांनी दुसऱ्या सशस्त्र माणसांच्या दबावाने त्यांची सुटका झाली. पंतप्रधानपद गेल्यावर, २०१७ मध्ये, त्रिपोलीतच त्यांना पुन्हा उचललं आणि तेव्हा काही दिवस डांबून ठेवलं. पंतप्रधानाला ज्या शहरात पोलीस वाचवू शकत नाहीत, तिथे भांडुपच्या वेल्डरने पोलिसांच्या भरवशावर राहू नये.

तेलाच्या बंदरांचंही तसंच. त्यांच्या राखणीसाठी सरकारने जे पहारेकरी पगारावर ठेवले, त्यांच्यातल्याच इब्राहिम जाद्रान नावाच्या कमांडरने २०१३ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडची बंदरं अडवली, ती पुढच्या वर्षापर्यंत. मार्च २०१४ मध्ये त्या लोकांनी ‘मॉर्निंग ग्लोरी’ नावाचं टँकर परस्पर भरून समुद्रात सोडलंही. त्या प्रकरणात झैदान यांची खुर्ची गेली, आणि टँकर शेवटी अमेरिकी नौदलाच्या कमांडोंनी सायप्रसजवळ ताब्यात घेतलं. म्हणून म्हणतो, ‘सिक्युरिटी आहे’ हे वाक्य ऐकून समाधान मानू नका. ती सिक्युरिटी उद्या कोणाशी भांडणार आहे, हे माहीत हवं.

पैशासाठी होणारं अपहरण तिथे आहेच. पण पुष्कळ माणसं राजकारणापायी उचलली जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरच्या खुर्चीवरून त्रिपोलीत ओढाताण चालली होती. १८ तारखेला बँकेच्या आयटी विभागाच्या प्रमुखालाच सकाळी घरातून उचलला. तो परत येईपर्यंत बँकेने कामकाज बंद ठेवलं, आणि त्याच दिवशी तो सुटला. सगळ्यांच्या नशिबात हे नसतं. बेनगाझीच्या खासदार सिहाम सर्गेवा यांनी हफ्तारच्या फौजेने त्रिपोलीवर केलेल्या हल्ल्याविरुद्ध टीव्हीवर तोंड उघडलं. जुलै २०१९ मध्ये सशस्त्र माणसं त्यांच्या घरात घुसली आणि त्यांना घेऊन गेली. त्या अजून सापडलेल्या नाहीत.

तिसरी तऱ्हा अदलाबदलीची. आमचा माणूस तुमच्या कोठडीत आहे, तो सोडा, तोवर तुमची माणसं किंवा तुमचं पाणी आमच्या हातात. २०१७ मध्ये त्रिपोलीतल्या एका गटाने दक्षिणेकडच्या एका टोळीचा म्होरक्या पकडला, तर त्याच्या माणसांनी वाळवंटातून येणारं त्रिपोलीचं पाणी तोडलं. लाखो लोक नळाकडे बघत बसले.

आता परदेशी कामगार यात कुठे बसतो? त्याचं कोणाशी वैर नाही, पण त्याला उचललं की एक कंपनी हलते, एक दूतावास हलतो, त्रिपोलीतल्या मंत्र्याला फोन जातात. दबाव आणायला तो सोयीचा पडतो. जुलै २०१८ मध्ये हसावना इथल्या पाणी प्रकल्पावरून तीन फिलिपिनो आणि एक दक्षिण कोरियन अभियंता उचलले गेले. ते सुटले मे २०१९ मध्ये.

मुंबईतून निघायच्या आधी

एजंट नोंदणीकृत आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट बघून भागत नाही. नंबर लिहून आणा आणि पोर्टलवर स्वतः टाका. नोंदणी रद्द झालेल्यांच्या भिंतीवरही फ्रेम तशीच असते. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. मस्जिद बंदरच्या जिन्यात कोणी दीड लाख मागत असेल तर तो तुम्हाला कायदेशीर वाटेने पाठवणार नाही, एवढं तिथेच ओळखा.

दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट इसीआर, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा, असतो. अशा पासपोर्टवर लिबिया, इराक, येमेन, सुदान यांच्यासह १८ देशांत नोकरीला जायचं तर इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. ते काम बघणाऱ्या अधिकाऱ्याचं मुंबईतलं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे. ‘क्लिअरन्सची गरज नाही, दुबईच्या व्हिजिट व्हिसावर पाठवतो, पुढचं तिकडे बघू’ असं कोणी म्हणालं तर उठा. तुम्ही लिबियात आहात याची कुठेच नोंद होत नाही, आणि उचलले गेलात तर दूतावासाला तुमचं नाव घरच्यांकडूनच कळतं. २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणाची सतरा पोरं अशीच अडकली. इटलीत पोचवतो म्हणून एजंटांनी पैसे घेतले आणि झुवारा शहरात सशस्त्र टोळीच्या हाती दिलं. त्यांना परत आणायला ऑगस्ट उजाडला, आणि ते फेब्रुवारीपासून अडकले होते.

सरकारची सूचना वाचा. २०१५ मध्ये लिबियाला जाऊ नका असं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, मे २०१६ मध्ये सरसकट बंदी घातली आणि २०२० मध्येही ती लागू होती. अशा सूचना बदलत राहतात. पैसे भरायच्या दिवशी सकाळी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन त्या दिवशीची सूचना वाचायची. एजंटने दाखवलेला स्क्रीनशॉट चालणार नाही.

प्रवासी भारतीय विमा योजना काढा. दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता आहे, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख मिळतात. पण डांबून ठेवलेल्या काळातल्या पगाराची सोय तिच्यात नाही. ती करारात लिहून घ्यावी लागते. माझा आग्रह तीन वाक्यांचा असतो: कामगार ताब्यात घेतला गेला किंवा बेपत्ता झाला तर पगार चालू राहील आणि तो या या खात्यात जमा होईल, साइट ते विमानतळ प्रवासाची व्यवस्था कंपनी करेल, परिस्थिती बिघडली तर एक्झिटची कागदपत्रं आणि तिकीट कंपनी देईल. तिसरं वाक्य पोरांना किरकोळ वाटतं. देश सोडण्याची परवानगी मिळवायचे कागद कंपनीच्या हातात असतात आणि पासपोर्टही बहुधा कॅम्पच्या ऑफिसातच असतो. गोळीबार सुरू झाला की ऑफिसातला माणूस आधी पळतो, तेव्हा चावी कोणाकडे हे आधीच ठरलेलं हवं.

रस्ता

मी सगळ्यात जास्त वेळ या विषयावर घालवतो.

जुलै २०१५ मध्ये सिर्त विद्यापीठात शिकवणारे चार भारतीय घरी परतायला निघाले आणि वाटेत नाक्यावर अडवले गेले. दोघे दोन दिवसांत सुटले, उरलेल्या दोघांची सुटका व्हायला सप्टेंबर २०१६ उजाडला. नोव्हेंबर २०१७ मध्ये उबारीच्या वीज केंद्राचे तीन तुर्की आणि एक जर्मन असे चार तंत्रज्ञ विमानतळावरून साइटकडे जाताना गाडीतून उचलले गेले. १४ सप्टेंबर २०२० ला सात भारतीय कामगार, आंध्र, बिहार, गुजरात आणि उत्तर प्रदेशचे, सुट्टीवर घरी यायला त्रिपोली विमानतळाकडे निघाले होते. त्यांना अशवेरिफ नावाच्या जागी धरलं. ११ ऑक्टोबरला सुटले.

तिन्ही वेळा माणसं विमानतळाच्या वाटेवर होती. कॅम्पला निदान भिंत असते, चार ओळखीचे चेहरे असतात. रस्त्यावर एक ड्रायव्हर आणि तुम्ही. त्यातून घरी जाणाऱ्या माणसाबद्दल सगळ्यांना आधीच माहीत असतं. तिकीट कोणी काढलं, गाडी कोणी ठरवली, निरोपाचं जेवण कधी झालं, कॅम्पच्या किचनपासून गेटपर्यंत प्रत्येकाला तारीख पाठ असते. खिशात साठलेला पगार असणार हेही लोक धरून चालतात.

म्हणून निघायची तारीख फोरमन आणि घरचा एक माणूस यांच्यापलीकडे जाऊ द्यायची नाही. फेसबुकवर ‘होम स्वीट होम, लवकरच’ असलं काही टाकायचं नाही. लिबियात सगळा देश फेसबुकवर असतो. रोकड बाळगायची नाही. गाडी कंपनीची, ड्रायव्हर त्याच भागातला आणि वाटेतल्या नाक्यांवर ज्याचा चेहरा चालतो असा. अंधारात प्रवास नाही, मग विमान चुकलं तरी चालेल. एकाच गाडीत सात जण कोंबण्यापेक्षा दोन गाड्या, दोघींमध्ये अंतर ठेवून.

विमानतळाचीही खात्री धरू नका. त्रिपोलीचा जुना आंतरराष्ट्रीय विमानतळ झिंतानच्या गटाकडे होता. जुलै २०१४ मध्ये मिस्राताच्या बाजूने त्यावर हल्ला केला, आठवडेच्या आठवडे लढाई चालली आणि विमानतळ बेचिराख झाला. वाहतूक मितिगा विमानतळावर गेली. तिथे वर्षानुवर्षं ‘रदा’ नावाच्या गटाचं राज्य होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रदाने ४४४ ब्रिगेड या त्रिपोलीतल्या दुसऱ्या सशस्त्र गटाच्या कमांडरला मितिगावरच अडवून ताब्यात घेतलं, आणि दोन्ही गट शहरात भिडले. ५५ माणसं मेली. विमानं मिस्राताकडे वळवावी लागली. कमांडरला सोडल्यावर गोळीबार थांबला.

कुठल्याशा कमांडरला धरलं, ही बातमी कामगाराच्या कामाची नाही असं पोरांना वाटतं. तीच सगळ्यात कामाची आहे. गटाचा म्होरक्या धरला गेला, मारला गेला, किंवा बँक, तेल कंपनी, गृहखातं यांतली मोठी खुर्ची हलली, की त्या आठवड्यात रस्त्यावर उतरायचं नाही. मे २०२५ मध्ये अब्दुल गनी किक्ली हा अबू सलीम भागाचा मोठा कमांडर त्रिपोलीत दुसऱ्या गटाच्या तळावर मारला गेला. त्या रात्रीपासूनच शहरात गोळीबार सुरू झाला. मग रदा आणि ४४४ पुन्हा समोरासमोर.

एका कोऱ्या पानावर रस्ता काढा. साइट, वाटेतली गावं, नाके, पेट्रोल पंप, विमानतळ. प्रत्येक जागेपुढे तिथे कोणाची माणसं आहेत ते लिहा. हे तिथल्या ड्रायव्हरला आणि स्टोअरकीपरला विचारून हळूहळू भरतं, आणि ते कागदावर ठेवायचं नाही, पाठ करून पान जाळून टाकायचं. ज्या जागी एका गटाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते ती जागा लक्षात ठेवा. भांडण उसळतं ते बहुधा तिथेच. दर पंधरा दिवसांनी विचारा, काही बदललं का? नाक्यावरची पोरं अचानक नवी दिसली, झेंडा किंवा गाड्यांवरचं नाव बदललं, बँकांपुढे पहाटे रांगा लागल्या, शाळा सोडून दिल्या, ड्रायव्हर आज नको म्हणाला, तर ऐका. ड्रायव्हरचं ‘आज नको’ मी कधी डावललं नाही. २०११ मध्ये आमच्या गेटवर एका संध्याकाळी सरकारी पहारेकरी होते आणि सकाळी त्यांच्या टोप्या खुर्चीवर होत्या, माणसं नव्हती. दुपारपर्यंत गावची पोरं बंदुका घेऊन आली, आमच्याशी चांगली वागली, पाणी दिलं. पण त्या मधल्या काही तासांत गेटवर कोणीच नव्हतं, आणि कॅम्पचे दोन डंपर त्याच वेळात गेले.

नाक्यावर

काच खाली, आतला दिवा चालू, हात दिसतील असे. बोलायचं ड्रायव्हरने. मोबाइल खिशात ठेवा, हातात धरू नका. त्यात बंदूकवाल्यांचे, झेंड्यांचे, टँकचे, तेलाच्या टाक्यांचे फोटो नसावेत. पोरं हौसेने काढतात आणि नाक्यावर तेच उघडलं जातं. तुम्ही कोणाच्या बाजूचे असं विचारलं तर आपण कामगार, अमुक कंपनीत वेल्डर, बस. धर्मावरून विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा, वाद नको. पासपोर्टच्या झेरॉक्सवर भागत असेल तर मूळ पासपोर्ट काढू नका. पैसे, घड्याळ, फोन मागितला तर देऊन टाका.

धरलंच तर पहिला तास सगळ्यात धोक्याचा, कारण धरणारेही घाबरलेले असतात. पळू नका, झटापट करू नका, त्यांच्या डोळ्यांत बघत बसू नका, हे कोणत्या गटाचे याचा अंदाज मोठ्याने बोलून दाखवू नका. कंपनीचा मालक किती श्रीमंत आहे हे सांगून सुटका होत नाही, किंमत वाढते. जे खायला देतील ते खा. बीपीची, साखरेची गोळी लागत असेल तर पहिल्याच दिवशी मागा आणि मागत राहा, कारण जिवंत माणूसच त्यांच्या कामाचा असतो. अजानवरून दिवस मोजा. बाहेर गोळीबार सुरू झाला की जमिनीवर पालथं पडा आणि कोणी नावाने हाक मारेपर्यंत उठू नका.

घरी ठेवायचा कागद

हे निघणाऱ्याने बायकोसमोर किंवा आईसमोर बसून, स्वतःच्या अक्षरात लिहायचं. एक प्रत घरी, एक भावाकडे.

पासपोर्ट नंबर, व्हिसा आणि कराराच्या प्रती. कंपनीचं मुंबईतलं ऑफिस, लिबियातलं ऑफिस, आणि साइटवरच्या एका सहकाऱ्याचा त्याच्या घरचा नंबर. एजंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक. पैसे दिल्याच्या पावत्या. रक्तगट, चालू औषधं, अंगावरच्या खुणा, जुनं हाड मोडलं असेल तर त्याचा एक्स-रे, दातांच्या डॉक्टरचं नाव. हे लिहिताना बायका रडतात आणि पुरुष विषय बदलतात. तरी मी लिहून घेतो. जून २०१४ मध्ये इराकच्या मोसुलमधून चाळीस भारतीय बांधकाम कामगार उचलले गेले. एक निसटून आला. उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या घरच्यांनी जवळजवळ चार वर्षं वाट बघितली, आणि मार्च २०१८ मध्ये सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं की ते मारले गेले. मोसुलजवळच्या बदूशच्या ढिगाऱ्यातून काढलेल्या अवशेषांची ओळख पटली ती घरच्यांच्या डीएनए नमुन्यांवरून. कुठल्याही आईला इतकी वर्षं निव्वळ अंदाजावर काढायला लागू नयेत.

त्याच कागदावर तीन खुणेचे प्रश्न. उत्तर फक्त त्याला आणि घरच्यांना माहीत असेल असे, फेसबुकवर सापडणार नाहीत असे. आजोळी विहिरीजवळ कसलं झाड होतं? शाळेत कोणत्या मास्तरांनी हात सुजवला होता? बहिणीच्या साखरपुड्याला कोणती गाडी बंद पडली होती? उत्तरं कागदावर लिहायची नाहीत.

आणि फोनची वेळ ठरवा. रोज नको, ते पाळलं जात नाही. बुधवार आणि रविवार, रात्री नऊ, मुंबईच्या वेळेने. एक वार चुकला तर सहकाऱ्याला फोन, दोन चुकले तर कंपनीला आणि दूतावासाला.

बातमी आली तर

वहिनी, हा भाग तुमच्यासाठी.

घरातला एक माणूस बोलणारा ठरवा, शक्यतो भाऊ किंवा मेहुणा. त्याचा एकच फोन, सतत चार्ज केलेला, कॉल रेकॉर्डिंग चालू. शेजारी एक वही. कोणाचा फोन, किती वाजता, काय शब्द, मागे कसला आवाज, सगळं तसंच्या तसं लिहायचं. तिसऱ्या दिवशी झोपेविना डोक्यात काही राहत नाही, वहीत राहतं.

मग कंपनीला फोन, त्या देशाचं काम बघणाऱ्या भारतीय दूतावासाला फोन आणि ई-मेल, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार, आणि तिचा क्रमांक वहीत. २०२० च्या सात जणांच्या वेळी लिबियाचं काम ट्युनिसमधला दूतावास बघत होता. त्यांनी लिबियाच्या सरकारशी, तिथल्या आंतरराष्ट्रीय संस्थांशी आणि कंपनीशी बोलणं ठेवलं. अपहरणकर्त्यांनी कंपनीला फोटो दाखवले, माणसं धडधाकट आहेत म्हणून. अशा देशात सुटका होते ती टोळीचे वडीलधारे, गावचे शेख, कंपनीचा स्थानिक भागीदार यांच्यामार्फत. तिथल्या ठाण्यातला फौजदार यातलं काही करू शकत नाही. तरीही आपल्या इथल्या पोलीस ठाण्यात एजंटविरुद्ध तक्रार द्या. ती पुढे नुकसानभरपाईला लागते.

वाटाघाटी तुम्ही करू नका. कोणी ‘दुबईहून बोलतोय, दोन लाख हवाल्याने पाठवा, उद्या सोडवतो’ असं म्हणाला तर पैशाचं नावही न काढता खुणेचा प्रश्न विचारा. ‘त्याला विचारून उत्तर आणा, मग बोलू.’ ज्याच्याकडे खरंच माणूस आहे तो उत्तर आणतो. ज्याच्याकडे नाही तो शिव्या देतो आणि फोन ठेवतो. त्याचाही नंबर वहीत लिहून दूतावासाला कळवा.

चॅनेलवाले दारात येतील. त्यांना मुलांचे फोटो देऊ नका, घर दाखवू देऊ नका, आणि ‘आम्ही घर विकून पैसे देऊ’ हे वाक्य कॅमेऱ्यासमोर कधीही, कधीही बोलू नका. तिकडचे लोक इकडच्या बातम्या बघतात. मंत्रालय गप्प बसायला सांगत असेल तर सुरुवातीचे दिवस गप्प बसा. पण महिने लोटले आणि उत्तर येईनासं झालं, तर त्याच कंपनीतल्या इतर कामगारांच्या घरच्यांना शोधून एकत्र व्हा, आपल्या खासदाराकडे जा, लेखी निवेदन द्या, पोच घ्या. एकट्या बाईला टोलवतात. सात घरची माणसं एकत्र आली की खुर्च्या मांडतात.

त्याचा आवाज ऐकवला गेला तर रडणं आवरा. तब्येत विचारा, औषध मिळतं का विचारा, आम्ही सगळे ठीक आहोत आणि प्रयत्न चालू आहेत एवढं सांगा. जागा विचारू नका, त्याने त्याला मार बसेल.

सुटून आल्यावर

आल्या दिवशी पाहुण्यांना बोलावू नका. आधी पूर्ण तपासणी, पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात केली तरी चालेल, आणि मानसोपचाराच्या ओपीडीतही न्या, तो नको म्हणाला तरी. झोप लागत नाही, दारावर थाप पडली की दचकतो, बायकोवर ओरडतो, हे सगळं होतं आणि त्यावर औषध आहे. पगाराचा हिशोब तो परतल्यापासून महिन्याच्या आत कंपनीला लेखी मागा, करारातलं ते वाक्य दाखवून. पासपोर्ट तिकडेच राहिला आणि आणीबाणीच्या प्रवासपत्रावर तो आला असेल तर त्या पत्राच्या रंगीत झेरॉक्स काढून ठेवा, नव्या पासपोर्टच्या अर्जाला लागतात. आणि दुसरी ऑफर आली की, घाई न करता, तो कोरा कागद पुन्हा काढून बसा.